गोळी झाडणारे सापडले, झाडायला सांगणारे कोण?

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी छत्रपती संभाजीनगरात फौजदारी वकिली करतो. आरोपींच्या बाजूने उभा राहणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे अधिक लोकांना तुरुंगात घाला अशी मागणी माझ्याकडून सहसा होत नाही. आज ती करायची आहे, आणि ती उघडपणे करायची आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर फिरायला निघालेल्या समाजसुधारक डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १० मे २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ पावणेअकरा वर्षांनी, पुण्याच्या विशेष न्यायालयाने निकाल दिला. सचिन अंदुरे आणि शरद कळसकर या दोघांना जन्मठेप आणि प्रत्येकी पाच लाख रुपये दंड झाला. डॉ. वीरेंद्रसिंह तावडे, अ‍ॅड. संजीव पुनाळेकर आणि विक्रम भावे हे तिघे निर्दोष सुटले. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले आहे, त्यामुळे दोघांच्या शिक्षेबद्दल काय आणि तिघांच्या सुटकेबद्दल काय, शेवटचा शब्द वरचे न्यायालय देईल. तोवर सुटलेल्यांना कोणी गुन्हेगार म्हणू नये, हे मी पहिल्यांदाच सांगून टाकतो.

शिक्षा झालेले दोघेही आमचे आहेत. एक या शहराच्या जुन्या भागात राहणारा, दुसरा दौलताबादजवळच्या एका खेड्यातला. डॉ. दाभोलकरांशी त्यांचा शेताचा वाद नव्हता, देण्याघेण्याचा नव्हता. साताऱ्याचा एक डॉक्टर पुण्यात सकाळी कोणत्या पुलावरून फिरायला जातो, हे इथल्या पोरांना आपोआप कळत नाही. त्याला मारलेच पाहिजे, हेही आपोआप वाटू लागत नाही. कोणीतरी त्यांना ते वाटायला लावले, कोणीतरी पिस्तूल चालवायला शिकवले, कोणीतरी तारीख ठरवली. हा माझा तर्क आहे असे आपण म्हणाल, म्हणून न्यायालयाने काय म्हटले ते सांगतो. निकालपत्रात नोंद आहे की खून अतिशय नीट आखलेल्या योजनेनुसार झाला, या दोघांची आर्थिक आणि सामाजिक परिस्थिती पाहता ते सूत्रधार नाहीत, खरा सूत्रधार दुसराच कोणी आहे, आणि त्याला उजेडात आणण्यात पुणे पोलीस आणि सीबीआय दोघेही अपयशी ठरले. हे केवळ अपयश आहे की सत्तेतल्या कोणाच्या प्रभावाखाली मुद्दाम केलेली टाळाटाळ आहे, याचे आत्मपरीक्षण यंत्रणांनी करावे, असेही न्यायालयाने लिहिले.

महोदय, आपण स्वतः कायद्याचे पदवीधर आहात. सत्र न्यायालयाच्या निकालात असे वाक्य किती वेळा वाचायला मिळते? मी इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा वाचले आहे. विरोधी वकिलाने युक्तिवादात म्हटले असते तर सोडून दिले असते. इथे पुरावा पाहिलेल्या, साक्षीदार ऐकलेल्या न्यायाधीशांनी ते लिहून ठेवले आहे, आणि त्याला शासनाकडून आजवर उत्तर नाही.

हा प्रश्न एका पक्षाचा नाही. खून झाला तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. २०१४ पासून पाच वर्षे गृहखाते आपल्याकडे होते. त्यानंतर महाविकास आघाडी आली, गेली. तपास २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला. इतके हात बदलले, तरी जे झाकलेले होते ते झाकलेलेच राहिले.

आता कायद्याकडे येतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या पुष्कळ माणसांचा असा समज आहे की ज्याच्या हातात शस्त्र तोच खुनी, बाकीचे फार तर साथीदार. आपला कायदा असे कधीच म्हणत नव्हता. १८६० च्या दंड संहितेत कलम १०७ ते १२० हे सगळे प्रकरण गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यांसाठी होते. आता १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ४५ पासून आले आहे. त्याचा सांगावा अगदी सरळ आहे. ज्याने खून करायला लावले आणि त्यामुळे खून झाला, त्याला खुन्याइतकीच शिक्षा. अ ने ब ला सांगितले की तू क ला भरीस घाल आणि ड चा खून करव, तर साखळीतला अ सुद्धा तितकाच जबाबदार; मध्ये किती माणसे आहेत याने फरक पडत नाही, आणि ज्याच्या हातून खून झाला त्याला अ ठाऊक असण्याचीही गरज नाही. चिथावणी दिलेला माणूस लहान मूल असेल, वेडा असेल, म्हणून स्वतः शिक्षेला पात्र नसेल, तरी चिथावणी देणारा सुटत नाही.

आणि एक तरतूद अशी आहे की जी फार कमी लोकांना माहीत असते. खून झालाच नाही तरी चिथावणीचा गुन्हा पुरा होतो. मी एखाद्याला म्हटले की अमक्याला ठार कर, आणि त्याने ठाम नकार दिला, तरी माझा गुन्हा घडलेला असतो. जुन्या संहितेतले कलम ११५, आताचे कलम ५५: सात वर्षांपर्यंत कैद, आणि त्या चिथावणीतून कोणाला दुखापत झाली तर चौदा वर्षांपर्यंत. खून दखलपात्र आहे म्हणून ही चिथावणीही दखलपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ज्या कायदेकर्त्यांनी हे लिहिले त्यांना एक गोष्ट नीट समजली होती. माणसाच्या मनात दुसऱ्याला मारण्याचा विचार पेरणे हे पुढच्या कृत्याची वाट न बघता शिक्षेला पात्र असले पाहिजे.

म्हणजे कायदा तोकडा नाही. मग सूत्रधार सुटतात ते कुठे?

या शहराच्या इतिहासातलेच एक उदाहरण घेतो. अनंत लक्ष्मण कान्हेरे शिक्षणासाठी औरंगाबादला राहत होते. तेव्हा हा निजामाचा मुलूख होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, किर्लोस्कर मंडळींचे ‘शारदा’ पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली ती एकट्या कान्हेरे यांना नाही. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांनाही त्याच दिवशी फाशी दिली, आणि या दोघांच्या हातून एकही गोळी सुटली नव्हती. खुनाच्या दिवशी विनायक दामोदर सावरकर लंडनमध्ये होते. पिस्तुले तिथून आली होती, म्हणून जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसरी जन्मठेप ठोठावली गेली.

कान्हेरे यांची तुलना मी या दोन तरुणांशी करतो आहे असे कोणी समजू नये. परक्या सत्तेशी लढलेला अठरा वर्षांचा तो मुलगा आणि एका निःशस्त्र समाजसुधारकाचा खून यांत काही साम्य नाही. मी तुलना करतो आहे ती यंत्रणेच्या इच्छेची. मेलेला माणूस सरकारचा कलेक्टर होता, तेव्हा पिस्तुलाचा माग नाशिकहून थेट लंडनपर्यंत गेला आणि पहिल्या खटल्यातल्या फाशा चार महिन्यांच्या आत झाल्या. त्या काळी मोबाइल नव्हता, न्यायवैद्यक प्रयोगशाळा नव्हती, रस्त्यावर कॅमेरे नव्हते. मेलेला माणूस या राज्याचा साधा नागरिक होता, तेव्हा पहिली पाच वर्षे या दोघांपर्यंतसुद्धा कोणी पोहोचले नाही. अटक झाली ती ऑगस्ट २०१८ मध्ये, तीही नालासोपाऱ्याच्या शस्त्रसाठ्याच्या वेगळ्या प्रकरणातून धागा निघाला म्हणून.

पण दोष सगळा इच्छेचा आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चिथावणी सिद्ध करणे खरोखर अवघड असते, आणि ते अवघडच असले पाहिजे. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागातल्या रोजच्या खटल्यांत त्याचे उत्तर दडलेले आहे.

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठाण्यात बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनाची फिर्याद काढून वाचा. दोन भावांनी कुऱ्हाड चालवलेली असते. त्यांच्या जोडीला बहुतेक वेळा एक तिसरा असतो: म्हातारा बाप, चुलता, गावातला पुढारी, कधी थोरली भावजय. तो जरा लांब उभा असतो, त्याच्या हातात काही नसते, आणि फिर्यादीप्रमाणे तो ओरडत असतो, ‘याला जिता सोडू नका!’ हे वाक्य मी इतक्या फिर्यादींत वाचले आहे की फिर्याद कोणत्या जिल्ह्याची आहे हे त्यावरून सांगता येत नाही. कधी ते खरे असते. पुष्कळदा ते मागून घातलेले असते, कारण घरातला कर्ता माणूस आत गेला की विरुद्ध घराण्याचे कंबरडे मोडते, जामिनासाठी पळणारा कोणी उरत नाही, शेत पडीक राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकातच बजावून ठेवले की अशी आरोळी ठोकल्याचा पुरावा मुळातच कमकुवत असतो, कारण प्रत्यक्ष मारणाऱ्यांबरोबर आणखी एखाद्याला गुंतवण्याची प्रवृत्ती सर्रास असते. त्या इशाऱ्याच्या आधारावर मी स्वतः अशा कितीतरी म्हाताऱ्यांना सोडवले आहे, आणि त्यातले बहुतेक निर्दोष होते याची मला खात्री आहे.

दुसरीकडे, माणसाला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा आपल्याकडे फार सहज दाखल होतो. सावकार, शिक्षक, सासरची मंडळी, कार्यालयातला साहेब: चिठ्ठीत नाव आले की गुन्हा. त्यातले पुष्कळ खटले टिकत नाहीत. रागाच्या भरात परिणामाचा विचार न करता तोंडातून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रमेशकुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात सांगितले आहे. तेही योग्यच आहे.

म्हणजे परिस्थिती अशी झाली आहे. जिथे चिथावणी नव्हती किंवा नावापुरती होती तिथे पोलीस ती लिहितात. जिथे ती थंड डोक्याने, महिनोन्महिने, बंद दाराआड दिली गेली तिथे ती कागदावर येतच नाही. ओरडणारा म्हातारा सापडतो. हळू आवाजात बोलणारा सापडत नाही.

मानवतचे हत्याकांड आपल्याला माहीत असेलच. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. गुप्तधनासाठी आणि संततीसाठी नरबळी दिले जात होते, असा फिर्यादी पक्षाचा दावा होता. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. खटला उभा राहिला तो माफीच्या साक्षीदारांच्या जबाबांवर. ज्या दोघांच्या सांगण्यावरून हे खून झाले असा आरोप होता, ते उच्च न्यायालयात निर्दोष सुटले, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. त्यांच्याविरुद्ध माफीच्या साक्षीदारांच्या बोलण्याला स्वतंत्र दुजोरा मिळाला नव्हता. प्रत्यक्ष मारणाऱ्या चौघांची फाशी मात्र कायम राहिली. न्यायालयाचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पुरावा नसेल तर सोडलेच पाहिजे. पण मानवतच्या निकालाने तपास करणाऱ्याला एक धडा घालून दिला होता, आणि तो पन्नास वर्षांत आपण गिरवला नाही. वरच्या माणसापर्यंत जायचे असेल तर त्याच्याविरुद्धचा दुजोरा पहिल्या आठवड्यात गोळा करावा लागतो. पैसा कुठून आला, शस्त्र कुठून आले, मुक्काम कुठे झाला, फोन कोणाला गेला. मारणाऱ्याला पकडल्यावर त्याच्या तोंडून काढू म्हटले तर त्याचा उपयोग नाही, कारण पोलिसांपुढची कबुली आपल्या सर्वसाधारण कायद्यात पुराव्यात येत नाही. आणि येऊ नये, कारण ती कशी मिळवली जाते हे मला माहीत आहे.

मानवतचा आणि डॉ. दाभोलकरांचा संबंध आणखी एका बाजूने आहे. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर चारच दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याची अनुसूची वाचावी. नरबळी देणारा तर गुन्हेगार आहेच. नरबळीचा सल्ला देणारा, त्यासाठी प्रवृत्त करणारा, प्रोत्साहन देणारा यालाही तिथे वेगळा उल्लेख करून गुन्हेगार ठरवले आहे. गुप्तधनासाठी पोराचा बळी देणारा बाप एकटा नसतो, त्याच्या कानाशी एक मांत्रिक बसलेला असतो, हे डॉक्टरांनी खेड्यापाड्यांत फिरून पाहिले होते. पहिला दोषी तो मांत्रिक, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या स्वतःच्या खुनात कानाशी बसलेला माणूस अजून निनावी आहे.

आपल्या यंत्रणेला वरपर्यंत जाता येतच नाही, असे नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. आपल्याच सरकारच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने दोषारोपपत्रात प्रत्यक्ष मारहाण करणाऱ्यांच्या वर, पहिल्या क्रमांकावर, वाल्मीक कराड यांना सूत्रधार म्हणून ठेवले. आरोप खरा की खोटा हे बीडचे न्यायालय ठरवील आणि तोवर ते आरोपी आहेत, इतकेच. पण त्या तपासाची दिशा पाहा: खंडणीच्या फोनपासून सुरुवात, तिथून माणसे, तिथून खून. लोक रस्त्यावर उतरले, विधिमंडळात गदारोळ झाला, एका मंत्र्याला पद सोडावे लागले, आणि तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र आले. दाभोलकर प्रकरणात असा तपास व्हायला कोणती अडचण होती?

लाडगावचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, स्वतःच्या मनाने लग्न केलेल्या एका मुलीला तिच्या भावाने कोयत्याने मारले. ती सासरी चहा ठेवत होती. भावाबरोबर आईलाही अटक झाली. त्या मुलीचे नाव मी लिहीत नाही. पण अशा प्रत्येक घटनेनंतर आमच्याकडे एक वाक्य ऐकू येते की ‘समाजात तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती’. समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, हे मला कळते. मात्र त्या समाजात ठरावीक माणसे असतात. पारावर बसून भावाला बांगड्या भरायला सांगणारा एक असतो, फोन करून बापाला टोचणारा एक नातेवाईक असतो, गावच्या कार्यक्रमातून घर वगळणारे कोणी असतात. या माणसांचे जबाब कधी घेतले जातात का? माझ्या पाहण्यात अशा प्रकरणांत तपास घराच्या उंबऱ्यावर संपतो. शस्त्र जप्त, कपडे जप्त, आरोपी हजर, कागद पूर्ण.

एक धोका मला आधीच मान्य करायला हवा, कारण आपले टीकाकार आणि माझे मित्र दोघेही तो दाखवतील. चिथावणीच्या नावाखाली बोलण्यालिहिण्यावरच गदा आणणे सरकारला नेहमी सोपे जाते. २२ जून १८९७ ला पुण्यात चाफेकर बंधूंनी इंग्रज अधिकारी रँडवर हल्ला केला. त्यानंतर सरकारला टिळक हवे होते. खुनाशी त्यांचा दुवा सिद्ध होईना, म्हणून ‘केसरी’तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला भरला गेला, आणि सहा विरुद्ध तीन अशा ज्यूरीच्या मताने त्यांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. असा उपाय मी मागत नाही. कठोर टीका, कडवट लेख, आंदोलनातली घोषणा यांना खुनाची चिथावणी म्हणणारा पोलीस अधिकारी मला चिथावणी देणाऱ्याइतकाच घातक वाटतो. माझे म्हणणे नेमके आहे: विशिष्ट माणसाला विशिष्ट माणसाच्या जिवावर उठवणारा शब्द, आणि त्यामागचा ठरवून केलेला हेतू. तो कायद्यात आहे, तो सिद्ध करता येतो, आणि तो सिद्ध करण्यासाठी पोलिसांना पगार मिळतो.

यातून मी आपल्याकडे जे मागतो ते असे. पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुण्याच्या न्यायालयाने सूत्रधाराबद्दल जे लिहिले, त्याला विधिमंडळात उत्तर द्या. तपास सीबीआयकडे, म्हणजे केंद्राकडे आहे, हे उत्तर पुरणार नाही. न्यायालयाने पुणे पोलिसांचेही नाव घेतले आहे आणि ते आपले पोलीस आहेत. २०१३ मधले पहिले महिने कसे वाया गेले, सुरुवातीला पकडलेल्या शस्त्रविक्रेत्यांचा धागा का सुटला, कोणत्या अधिकाऱ्याने काय टाळले, याची चौकशी राज्य सरकार स्वतः करू शकते. केंद्राकडे लेखी आग्रह धरू शकते. ज्यांची नावे दोषारोपपत्रात कधी आलीच नाहीत त्यांच्याविरुद्धचा तपास कोणत्याही निकालाने बंद झालेला नाही. कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, धारवाडमध्ये डॉ. कलबुर्गी, बंगळूरमध्ये गौरी लंकेश: डॉ. दाभोलकर धरून २०१३ ते २०१७ या चार वर्षांत चार माणसांचे असे खून झाले. त्या सगळ्या कागदांवर एकत्र बसून काम करणारे एक पथक, ज्यातले अधिकारी दर सहा महिन्यांनी बदलत नाहीत, इतके तरी उभे करा.

दुसरे म्हणजे कलम ५५ वापरात आणा. सभेत किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीत एखाद्याचे नाव घेऊन ‘याला संपवा’ असे कोणी म्हटले आणि ज्याच्याबद्दल म्हटले तो ठाण्यात गेला, तर आज त्याच्या हाती बहुतेक वेळा अदखलपात्र नोंदीची पावती पडते. त्याला सांगितले जाते, ‘अजून काही झालं तर नाही ना?’ कायदा तर काही होण्याआधीसाठीच आहे. लोकसमुदायाला किंवा दहापेक्षा जास्त माणसांना गुन्ह्यासाठी भडकवणाऱ्याला पूर्वी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, नव्या संहितेच्या कलम ५७ ने ती सात वर्षांपर्यंत नेली. संसदेने शिक्षा वाढवली आणि ठाणे अंमलदाराला कलमच ठाऊक नाही, अशी अवस्था आहे. एक परिपत्रक, प्रत्येक जिल्ह्यात एक दिवसाचे प्रशिक्षण, आणि अशा तक्रारींचा आढावा घेणारा उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

आणि साक्षीदार. बंद खोलीतली चिथावणी ऐकलेला माणूस हा त्या खोलीतलाच असतो. जो शिकवणीला बसला पण शेवटी मागे फिरला, ज्याला विचारले गेले आणि जो नाही म्हणाला, तोच खरा पुरावा. असे तरुण आहेत. प्रत्येक कटातून एखाददुसरा गळून पडतोच. तो पुढे का येत नाही? कारण उद्या त्याच्या गल्लीत त्याच्यासाठी कोणी उभे राहणार नाही हे त्याला माहीत आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मंजूर केली. जिल्हा न्यायालयात साक्षीदाराला आजही आरोपीच्या नातेवाइकांच्या शेजारी बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहावी लागते. त्याला वेगळी खोली द्या, गरज असेल त्याला दुसऱ्या शहरात काम आणि राहायला जागा द्या. खर्च होईल. सूत्रधारांच्या मागे लागायचे म्हणजे हाच खर्च आहे.

या पत्राच्या निमित्ताने माझ्या शहरातल्या आईबापांनाही एक गोष्ट सांगतो, आपली हरकत नसेल अशी आशा आहे. धर्मासाठी, जातीसाठी, घराण्याच्या अब्रूसाठी कोणाला तरी मार असे तुमच्या मुलाला सांगणारा माणूस स्वतःच्या मुलाला ते काम सांगत नाही. तो कमी पगारावर काम करणारा, शिक्षण अर्धवट राहिलेला, कोणीतरी आपल्याला मोठे म्हणावे म्हणून आसुसलेला मुलगा शोधतो. मारणाऱ्यांची आर्थिक, सामाजिक परिस्थिती पाहून न्यायाधीशांना ते सूत्रधार नाहीत असे वाटले. सूत्रधारानेही त्यांना निवडताना बहुधा तेच पाहिले असेल. खटला सुरू झाल्यावर वकिलाच्या दारात चपला झिजवणारे आईबापच असतात. ज्याने मुलाला भरीस घातले तो माणूस मी कोर्टाच्या पायरीवर कधी पाहिलेला नाही.

महोदय, दाभोलकर कुटुंबाने मे २०२४ च्या निकालानंतरही लढा सोडलेला नाही; सुटकेविरुद्ध त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. एका कुटुंबाने स्वतःच्या हिमतीवर जे चालवले आहे ते चालवणे हे खरे तर आपल्या खात्याचे काम आहे. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात आपण या विषयावर निवेदन करावे, अशी माझी आपणास विनंती आहे. खुनाच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात कालमर्यादा नाही. तेरा वर्षांनंतरही सूत्रधाराविरुद्ध गुन्हा चालवता येतो, तीस वर्षांनंतरही.

आपला,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारा एक नागरिक
छत्रपती संभाजीनगर